खंडेनवमीनंतर रुसलेली मशीन

खरं सांगते, हे मी लिहिणारच नव्हते. म्हणजे मला लिहायचं होतं, पण ज्यांच्यावर लिहायचं त्या दोघीही ऐकेनात. दिपालीताई म्हणाली, "माझ्यावर काय लिहितेस, मावशींवर लिही." सोजरबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "माझ्यावर लिवाया मी काय इलेक्शनला उभी हाय का? तिच्यावर लिव, शिकली ती." या ढकलाढकलीत सगळं राहूनच गेलं असतं. शेवटी ठरवलं, दोघींनाही न विचारता लिहून टाकायचं, शिव्या पडल्या तर पडल्या. आणि इथून पुढे नुसतं दिपाली म्हणते हं, ताई ताई करत बसले तर संपायचंच नाही.

तर दिपाली. रहाटणीत काळेवाडीकडच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या, भाड्याच्या. माहेर जिंतूरकडचं. लग्न करून इकडे आली ती गणराज चाकणला कंपनीत लागला म्हणून. तो अजूनही कंपनीच्या बसने जातो आणि शिफ्ट बदलली की घरातलं जेवण-झोप सगळं उलटंपालटं होतं. दिपालीही मध्ये एका कंपनीत पॅकिंगला जायची, कॉन्ट्रॅक्टवर. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना मध्येमध्ये 'ब्रेक' देतात, म्हणजे थोडे दिवस घरी बसा, मग बोलावतो. एकदा असाच ब्रेक दिला आणि परत बोलावलंच नाही. फोन केला तर सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव लिस्टमध्ये नाहीये." तेव्हा तिने मनाशी ठरवलं की आता असं काम करायचं ज्यात कुणी उठून आपल्याला ब्रेक देऊ शकणार नाही.

घरची साधी शिलाई मशीन होती. ब्लाउज, फॉल-पिको, परकर, असं चालू झालं. पण जाड काही आलं की मशीन दम टाकायची. एक दिवस एका बाईने रेक्झिनची पिशवी आणली, पट्टा तुटलेला. दिपालीने घातली सुई, तटकन मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. बाई म्हणाली, "राहू दे, मागच्या गल्लीतल्या सोजरबाई शिवतील." दिपालीला राग आला थोडा, पण पिशवी घेऊन तीच गेली, बघू तरी कोण आहे ही सोजरबाई.

तिथे तिने ती मशीन पहिल्यांदा पाहिली.

काळी, बिडाची, एखादं म्हसरू बसावं तशी टेबलावर बसलेली. जिथे वर्षानुवर्षं हात टेकला तिथला रंग उडून आतलं लोखंड चमकत होतं. खाली भलीमोठी मोटर. बटण दाबलं की ती घोंगावायला लागायची, तुम्ही शिवा नाहीतर नका शिवू. सोजरबाईंनी पिशवीचा पट्टा चौघडी करून फुटाखाली, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरतो त्या भागाखाली, सरकवला, पाय जरासा दाबला, आणि गर्र करून पट्टा बसला. आवाज थांबला तेव्हा दिपाली तशीच उभी, तोंड उघडं.

"काय बगती?" सोजरबाई म्हणाल्या. "पिशवी झाली. घे."

"मावशी, अजून एकदा चालवा ना."

"कशाला? शिनेमा हाय का?"

पण चालवली त्यांनी. कुणी इतकं मन लावून बघितलं की चालवावीच वाटते ना.

सोजरबाईंची गोष्ट दिपालीला हळूहळू कळत गेली. त्यांचे मालक भीमराज लवकर गेले, मुलगा आयुष तेव्हा शाळेत. मग सोजरबाई पिंपरीतल्या एका शेडमध्ये लागल्या, तिथे टेम्पोचे हूड आणि रिक्षांच्या सीटा शिवायचे. आयुष्य तिथेच गेलं. शेड बंद झाली तेव्हा शेडच्या मालकाने हिशोब चुकता केला आणि वर म्हणाला, ज्याला जी मशीन हवी ती न्या. बाकीच्या बायकांनी नव्या हलक्या मशीन उचलल्या. सोजरबाईंनी सगळ्यात जुनी, सगळ्यात जड उचलली, चार माणसं लागली टेम्पोत चढवायला.

"हीच का?" दिपालीने विचारलं.

"बाकीच्या समद्यांच्या हातच्या होत्या. ही एकटी माझ्या हातची."

आता डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. सुईत धागा ओवायला शेजारच्या पोरींना हाका माराव्या लागायच्या. आयुष नाशिकला नोकरीला, त्याला नुकतं बाळ झालेलं, सूनबाई रोज फोनवर म्हणायची या, या. सोजरबाईंनी ठरवून टाकलेलं, दिवाळी झाली की नाशिक. मशीन न्यायचा प्रश्नच नव्हता, आयुषचं घर तिसऱ्या मजल्यावर. सीट कव्हरचं दुकान असलेले दौलतराव चकरा मारत होते, "आज्जी, माझ्याकडं द्या, चांगली जागा बघून ठेवलीय तिला."

हे ऐकलं आणि दिपालीच्या तोंडून निघून गेलं, "मला द्याल का?"

सोजरबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "चालवता येती?"

"शिकते की."

"चालवाया समदे शिकत्यात. बिघडली म्हंजी काय करशील?"

"मेकॅनिकला बोलवीन."

"हिचा मेकॅनिक वर गेला. तितनं यायाची सोय न्हाई."

मग सोजरबाईंनी अट घातली, आणि ही अट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या अटीवर आहे. मशीन आत्ता घेऊन जा. चालवायला मी शिकवीन. पण मी नाशिकला जायच्या आत ही एकदा तरी बिघडणार, जुनं लोखंड आहे, रुसणारच. तेव्हा जर मला हात लावावा लागला, तर मशीन दौलतरावांच्या दुकानात. तू स्वतः नीट केलीस, तर तुझी. कायमची.

"लई कडक हो मावशी तुम्ही."

"कडक कसली? मी गेल्यावर ही बंद पडली आन् तू तिच्यावर कपडे वाळत घातलेस, तर माज्या जिवाला काय वाटंल?"

मशीन आली. गणराज कामावरून आला, दारातच थबकला. "घरात मशीन आणली का रिक्षा?" बसायची जागा गेली, कपाट सरकवलं, पोरांचा अभ्यास स्वयंपाकघरात गेला. पण तो एवढंच म्हणाला, जास्त नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला भांडायला जोर नसतो, हे दिपालीचंच म्हणणं.

शिकवणं म्हणजे काय शिकवणं. पहिल्या दिवशी दिपालीने बटण दाबलं, सवयीने पाय दाबला आणि मशीन अशी पळाली की कापड तिच्या हातातून निसटून पलीकडे जाऊन पडलं. ती किंचाळलीच. सोजरबाई पोट धरून हसल्या. "चप्पल काढ. पायाला कळलं पायजे. आन् टाच मागं दाबली की थांबती, ते आधी शिक. पळवाया कुणीबी पळवतं." मग धागा काढून टाकायला लावला. वर्तमानपत्राच्या घड्या फुटाखाली घालायच्या आणि छापलेल्या ओळीवरून नुसती सुई चालवायची, बिनधाग्याची. घरात भोकाभोकांचा पेपर सगळीकडे. गणराज म्हणायचा, "आज पेपरात बातम्या कमी, भोकं जास्त."

पेपरावर सरळ चालायला लागली तेव्हा कापड आलं, मग धागा. आणि मग उघडणं. सुई कशी बसवायची, तर सुईला एका बाजूने लांब खाच असते, धागा जिथून ओवायचा त्या बाजूला ती खाच आली पाहिजे, नाहीतर टाके सुटतात. खालच्या धाग्याची रीळ ज्या डबीत बसते त्या बॉबिन केसवरचा बारीक स्क्रू कसा फिरवायचा, तर मिठाच्या चिमटीएवढाच. उघडलेला प्रत्येक भाग पांढऱ्या फडक्यावर ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडायचा. आणि सोजरबाईंचं एक पालुपद, "वरनं गुंता दिसला तर खाली बग, खालनं दिसला तर वर बग." दिपाली मान हलवायची. मान हलवायला काय जातं.

एकदा मशीनचं तेल संपलं होतं आणि हिने घाईत खोबरेल घातलं. सोजरबाई आल्या, वास घेतला, आणि म्हणाल्या, "आज वेणी घालनार हायेस का हिची?" मग दोघींनी बसून सगळं पुसून काढलं, नाहीतर ते थंडीत थिजलं असतं आत.

दसऱ्याच्या आधी पहिलं मोठं काम आलं. गणराजच्या ओळखीतला निरंजन, त्याचं निघोज्याला वर्कशॉप आहे. वेल्डिंगवाल्यांसाठी जाड कॅनव्हासचे एप्रन हवे होते, मोठा गठ्ठा. दसऱ्यानंतरच्या सोमवारी द्यायचे. दिपालीने हो म्हटलं आणि मग दिवस मोजत बसली. पण सुरुवात छान झाली हो. एप्रनमागून एप्रन निघत होते, टाके कसे, मोत्याची ओळ. ती मधेच एखादा उलटा करून बघायची, नुसतं बघून आनंद व्हायला.

मग आली खंडेनवमी. आता आपल्याकडे पिंपरी-चिंचवडला खंडेनवमी म्हणजे काय ते सांगायला नको. सगळ्या कंपन्यांत मशीन धुतात, पुसतात, हार घालतात, पेढे वाटतात. गणराज कंपनीतून झेंडूचा एक जास्तीचा हार आणि पेढ्याचा पुडा घेऊन आला. दिपालीने आपली मशीन अंघोळ घातल्यासारखी पुसली, तेल दिलं, हार घातला, हळद-कुंकू घेतलं. पण लावायचं कुठे? मशीनला कपाळ कुठलं? समोरून बघितलं तर तोंडाकडच्या बाजूला दोन गोल चकत्या असतात, एकमेकींना चिकटून, वरचा धागा त्यांच्यामधून जातो. गोल, चकचकीत, बरोब्बर मधोमध. तिला तेच कपाळ वाटलं. दोन बोटं हळद, दोन बोटं कुंकू, वर अक्षता. पाया पडली. दुसऱ्या दिवशी दसरा, मशीनला सुट्टी. सोजरबाई त्या दिवशी इथे नव्हत्याच, धम्मचक्र दिन म्हणून पांढरी साडी नेसून सकाळीच देहूरोडच्या विहारात गेल्या होत्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिपाली कामाला बसली. पहिला एप्रन, वरून टाका सुंदर. उलटा केला तर खाली धाग्यांचं जाळं, पक्ष्याने घरटं बांधावं तसं. उसवलं. परत शिवलं. परत घरटं.

खाली गुंता, म्हणून ती खाली शिरली. बॉबिन बदललं. बॉबिन केस काढून साफ केली. स्क्रू आवळला, मग सैल केला, मग किती आवळला होता तेच विसरली. बॉबिन केसभोवती फिरतं ते शटल पुसलं, सुई बदलली, तेल दिलं. आता गुंता तर होताच, वर धागाही तुटायला लागला. वरच्या चकत्यांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. त्या सोजरबाईंनी स्वतःच्या हाताने बसवून दिलेल्या, धाग्याचा ताणही त्यांनीच ठरवलेला. तिथे काही बिघडेल हे तिच्या मनातच आलं नाही.

निरंजनचा फोन आला. "ताई, होतंय ना सोमवारपर्यंत? नसेल होत तर आत्ताच सांगा, राग नाही."

"होतंय, होतंय," दिपाली म्हणाली, आणि फोन ठेवून रडायला लागली.

गणराज म्हणाला, "अगं बोलव की मावशींना. दोन मिनिटांचं काम असेल त्यांचं."

"बोलवलं की गेली."

"कोण गेली?"

"मशीन हो! अट विसरला का?"

आणि अशा वेळी दौलतराव गल्लीतून जाणार नाहीत असं होईल का? दार उघडं होतं, मशीनचा आवाज बंद होता. ते डोकावले. "काय वहिनी, शांतता दिसतीय. टेम्पो लावू का दाराला?" हसत म्हणाले हं, माणूस वाईट नाही, पण दिपालीने दोन्ही हात मशीनवर ठेवले, कुणी आत्ताच उचलून नेईल तसे.

दुपारी सोजरबाई आल्या. कुणी बोलवलं नव्हतं. विहारातल्या खिरीचा डबा घेऊन आल्या होत्या. दारातून आत आल्या, मशीनवरचा सुकलेला हार बघितला, दिपालीचं तोंड बघितलं. स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. आता हे हात बाहेर येणार नाहीत, हे दिपालीला कळलं.

"मावशी, तुम्ही बघायला आलात का?"

"मी खीर घिऊन आले. तुजं चालू दे."

"चालतंच तर नाहीये!" आणि तिने धडाधड सगळं सांगितलं, बॉबिन, स्क्रू, सुई, सगळं.

सोजरबाईंनी ऐकून घेतलं. "सणाआदी चालत व्हती?"

"हो. नवमीच्या आदल्या दिवशी एकदम भारी."

"मंग तितनं पुढं तिला काय झालं?"

"काही नाही झालं. बंद होती. पूजा केली नुसती."

"हं," सोजरबाई म्हणाल्या. एवढंच, हं.

तळमजल्यावरची खोली, दुपारीसुद्धा अंधारी. सोजरबाईंनी गणराजला म्हटलं, "जावईबापू, तुमचा मोबाईल द्या. बॅटरी लावून द्या." मोबाईल घेतला, एक हात तेवढ्यापुरता पदराबाहेर आला. दिपालीला म्हणाल्या, "कुटं धरू? तू सांग."

"खाली. शटलवर."

उजेड खाली गेला. दिपालीने परत सगळं उघडलं. काही नाही, स्वच्छ. उजेड तसाच स्थिर, मोतीबिंदूवाल्या बाईचा हात, पण जराही हलत नव्हता. आणि धरल्या धरल्या त्या बोलत होत्या, जसं काही भाजी निवडत गप्पा.

"आमच्या शेडमंदी चिमाजी फिटर व्हता. लई हुशार. पन बायांना शिकवायचा न्हाई. म्हनायचा, बायांनी शिवायचं, उघडायचं न्हाई. आमी उघडली की शिव्या. पन त्याला बॅटरी धराया मानूस लागायचं. बाप्ये कंटाळायचे, मी म्हनायची, मी धरते. तो एकदाबी म्हनला न्हाई की बग म्हनून. पन उजेड जितं धरायचा तितं बगावंच लागतंय की."

दिपाली थांबली. हात तेलाचे, केस तोंडावर. उजेड जिथे धरायचा तिथे. खालून गुंता दिसला तर वर बघ, असं किती वेळा ऐकलं, किती वेळा मान हलवली! आणि वर काय केलं आपण? वर आपण...

"मावशी," ती म्हणाली, "वर धरा. चकत्यांवर."

उजेड वर आला.

चकत्यांच्या कडेला लाल रेघ होती. दिपालीने मधला नट हातानेच फिरवला, स्प्रिंग काढली, फडक्यावर ठेवली, पहिली चकती काढली, ठेवली, दुसरी काढली. कुंकू तेलात कालवून गंधासारखं घट्ट झालेलं. आणि त्या गंधात चिकटून अक्षतेची अर्धी कणी. एवढीशी. तिच्यामुळे दोन्ही चकत्या मिटतच नव्हत्या, धागा सुटा पळत होता आणि खाली जाऊन घरटं करत होता.

"अगं बाई," दिपाली म्हणाली. मग हसायला आलं, मग रडायला, मग दोन्ही एकदम.

तिने सगळं पुसलं. चकत्या आरशासारख्या केल्या. क्रमाने बसवल्या. पण नटापाशी हात थांबला. "मावशी, तुमचं माप गेलं हो. तुम्ही बसवलेला ताण होता."

"गेलं तर जाऊ दे. आता तुज्या हाताचा बसव."

एक फेरा. कापड घातलं, शिवलं, उलटं केलं. सैल. अजून अर्धा फेरा. परत उलटं केलं. अजून जरासा. आणि मग तो टाका आला, वरून जसा तसाच खालून. दिपालीने ते कापड सोजरबाईंच्या हातात दिलं. त्यांना दिसत नव्हतं नीट, त्यांनी अंगठ्याने चाचपलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि तिथेच, न सांगता, दुसरा हातही पदराबाहेर आला आणि दोन्ही दिपालीच्या डोक्यावर गेले.

"तुम्हाला कधी कळलं?" दिपालीने नंतर खीर खाताखाता विचारलं.

"दारातनं हार बगितला तवाच. अगं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी आमची निम्मी लाईन बंद असायची. चिमाजी समद्या गावाला शिव्या घालत कुकू पुसत फिरायचा."

"मग सांगितलं का नाही? मी सकाळपासून मरतेय इथे!"

"सांगितलं असतं तर पुढल्या दसऱ्याला मी नाशकात, तवा कुनाला इचारलं असतंस?" मग म्हणाल्या, "पूजा कर की, माजं काय म्हननं न्हाई. आमीबी पेढे खाल्लेत कंपनीतले. पन कुकू टेबलाला लाव. तिला कपाळ न्हाई, बाई."

गणराज एवढा हसला की खीर सांडली.

सोमवारी एप्रन गेले. निरंजनने उलटे-सुलटे बघितले, आणि वेल्डिंगच्या जागी लावायच्या जाड पडद्यांचं काम देतो म्हणाला. दौलतरावांना कळलं तेव्हा ते दारात आले, मशीनकडे जरा हळहळून बघितलं आणि म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, चांगल्या हातात गेली." दिपाली सोजरबाईंसाठी साडी घेऊन गेली, त्यांनी घेतली नाही. ती काहीतरी बोलायला गेली, तुम्ही नसतात तर मी... सोजरबाई म्हणाल्या, "गप ग. सुईत धागा ओव माज्या, बाळाचं दुपटं राहिलंय." तिने ओवला आणि दुपटं संपेपर्यंत तिथेच बसून राहिली. मला वाटतं सगळे आभार त्यातच होते, पण मी काय, मी भावनिक आहे.

आता मुद्द्याचं. सोजरबाई भाऊबीजेपर्यंत इथेच, दिपालीच्या मागच्या गल्लीत आहेत, त्यानंतर आयुष गाडी घेऊन येतोय. रहाटणी, काळेवाडी, थेरगाव, कुठेही असाल आणि घरात एखादी जुनी मशीन बंद पडून असेल, आईची, सासूची, कुणाचीही, तर चाक फिरवून तिचा आवाज मोबाईलमध्ये भरा आणि त्यांच्याकडे जा. आवाज ऐकून सांगतात काय दुखतंय. मशीन नसली तरी जा. दुपारी घरीच असतात, चहा नको म्हणू नका, राग येतो त्यांना. प्लीज दिवाळीची खरेदी, फराळ, पाहुणे यात ढकलत बसू नका. या रविवारीच जा.